हुरड्याच्या पाहुण्यांचे नंबर माझ्याच वेबसाइटवरून बाहेर गेले. आता काय काय नीट करू?

आगटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरातून बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर आलं की आमचं शेत. साडेचार एकर. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा, बाकी वर्षभर ज्वारी, तूर आणि बांधावरची बोरं. मुक्कामाला दोन खोल्या आहेत. चार वर्षांपूर्वी गावातल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली आणि खरं सांगतो, तिच्यामुळंच पुण्याची माणसं यायला लागली.

या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असतानाची गोष्ट. पुण्याच्या एका ताईंना गुरुवारी फोन गेला. "शनिवारी तुमची अकरा माणसं आहेत ना हुरड्याला? उरलेले पैसे आत्ता टाका, म्हणजे जागा पक्की." नाव बरोबर, वार बरोबर, माणसं बरोबर. त्यांनी ३,२०० रुपये टाकले. शनिवारी आगटीपाशी बसल्यावर त्यांनी पावती दाखवली, तर तो क्यूआर आमचा नव्हताच. पुढच्या आठवड्यात आणखी एका घराचं तसंच झालं.

पैसे मी दोघांनाही परत दिले. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रारही करायला लावली. पण त्या ताई मला एवढंच म्हणाल्या, "दादा, आम्ही अकरा जण येणार हे तुम्हाला सोडून कुणाला माहीत होतं?" मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.

मग भाच्यानं शोधलं. कोणता दिवस मोकळा आहे हे लोकांना दिसावं म्हणून गूगल शीट वेबसाइटवर लावलेली होती. लावताना 'वेबवर प्रकाशित करा'मध्ये एकच पान निवडायच्या ऐवजी 'संपूर्ण दस्तऐवज' निवडला गेला. पहिल्या पानावर तारखा आणि दुसऱ्या पानावर नाव, मोबाइल, माणसं किती, ॲडव्हान्स किती. खाली दुसऱ्या पानाच्या नावावर बोट ठेवलं की सगळं उघडं. दोन हंगाम ते तसंच होतं.

शीट बंद केली. पण आता भीती वाटते की अजून काय काय उघडं आहे. साइटवर सध्या आहे ते असं: बुकिंगचा फॉर्म (नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, जन्मतारीख, मुक्कामाला आधारचा फोटो), गूगलचा नकाशा, यूट्यूबचा व्हिडिओ, किती लोक आले ते मोजणारं काहीतरी आणि पाहुण्यांचे फोटो. पुढच्या हंगामाच्या आत हे नीट करायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

शेंगाचटणी

दादा, चूक झाल्यावर पैसे परत देऊन वर चारचौघांत सांगणारे कमी असतात. धागा वर ठेवते.

हुतात्मानं येणारी

मी मूळची सोलापूरची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येते. आत्ता गाडीतच बसून तुमची साइट उघडून पाहिली (लिंक व्यक्तिगत निरोपात दिल्याबद्दल आभार). जरा लांबलचक होईल.

आधी एक समजून घ्या. पाहुण्यानं फॉर्म भरला नाही, नुसतं पान उघडून हुरड्याचा दर वाचला आणि बंद केलं, तरी त्याची खूण उरते. पान पाठवायचं तर सर्व्हरला (तुमची साइट ज्या संगणकावर ठेवली आहे त्याला) त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक, लागतोच. तो पत्ता, वेळ, कोणतं पान, कोणता ब्राउझर, कुठल्या दुव्यावरून आला, हे सर्व्हरच्या नोंदीत जातं. यात चोरी काही नाही, सगळीकडे असंच असतं. प्रश्न पुढं आहे. तुमचं पहिलं पान उघडल्यावर माझ्या ब्राउझरनं तुमच्या सर्व्हरशिवाय आणखी सहा ठिकाणी विनंत्या पाठवल्या. नकाशा, व्हिडिओ, अक्षरांचा फॉन्ट, मोजणी, फेसबुकचा पिक्सेल (कोण काय बघतंय ते फेसबुकला कळवणारा छोटा कोड), आणि एक चॅटचं बटण जे चालतच नाही. म्हणजे माणूस आला तुमच्या दारात आणि सहा घरांना कळलं की अमुक जण हुरड्याची चौकशी करतोय. त्या सहाही घरांना दार तुम्हीच उघडून दिलंय, तुम्हाला माहीत नसताना.

एकेक घेऊ.

नकाशा: चौकटीतला जिवंत नकाशा काढा. रस्त्याच्या खुणा चार ओळींत लिहा आणि खाली 'नकाशावर बघा' असा साधा दुवा द्या. ज्याला हवं तो दाबेल. आपल्याकडे पाहुणा तसाही शेवटचे तीन किलोमीटर फोन करूनच येतो.

व्हिडिओ: एक स्थिर फोटो ठेवा, दाबल्यावरच व्हिडिओ उघडू दे. पानातच लावायचा असेल तर यूट्यूबचा कुकी (माणूस पुन्हा ओळखता यावा म्हणून त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण) न ठेवणारा वेगळा पत्ता असतो, 'यूट्यूब-नोकुकी' नावाचा. तो वापरला तर व्हिडिओ चालू करेपर्यंत पाळतीच्या कुकी बसत नाहीत.

फॉन्ट: हे कुणाच्या लक्षातच येत नाही. अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून येतात, तेव्हा पाहुण्याचा आयपी पत्ता तिकडे जातो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं एवढ्याच कारणावरून एका वेबसाइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. तो कायदा युरोपचा, आपल्याला लागू नाही. पण उपाय फुकट असताना कशाला ठेवायचं? तुमच्या साइटवर 'मुक्ता' फॉन्ट आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला, मुक्त परवान्याचा. त्याची फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवायची, अर्ध्या तासाचं काम.

मोजणी: तुम्हाला नक्की काय बघायचंय, ते आधी ठरवा. 'आठवड्यात किती जण आले आणि कुठलं पान वाचलं' एवढंच हवं असेल तर गूगल ॲनालिटिक्स लागत नाही. त्याची मुख्य कुकी दोन वर्षं माणसाच्या फोनवर राहते. मॅटोमो नावाचं मोजणीचं सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं आणि कुकीशिवाय चालवता येतं. गोटकाउंटर त्याहून हलकं आहे.

चॅटचं बटण आजच काढा.

फॉर्मबद्दल घरी पोचल्यावर लिहिते, कुर्डुवाडी आली. इथून पुढं रेंज जाते.

कोरडवाहू

माझं वय पासष्ट. मोहोळ तालुक्यात शेती. मला हे सगळं जरा अती वाटतंय, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमची शीट उघडी राहिली ती चूक, ती सुधारली, विषय संपला. गावात कुणाच्या घरी कोण पाहुणा आला, किती दिवस राहिला, काय खाल्लं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानं कुणाचं काय बिघडलं? उलट माहीत असतं म्हणूनच माणसं एकमेकांच्या मदतीला धावतात. आणि साडेचार एकरवाल्यानं फॉन्ट आणि कुकी बघत बसायचं, का ज्वारीवरचा चिकटा बघायचा?

हुतात्मानं येणारी

काका, राग कशाला. पण गावात जे माहीत असतं ते दोन्हीकडून असतं. तुम्हाला माझ्या घरचं माहीत, मला तुमच्या घरचं. त्याच्यामुळं आपलं एकमेकांवर वजन राहतं. त्या ताईंना फोन करणाऱ्याला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक होतं आणि ताईंना त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही.

आता फॉर्म. जन्मतारीख कशासाठी? पत्ता कशासाठी? दर माणशी आहे, मग नाव, मोबाइल, तारीख, मोठे किती, लहान किती, एवढ्यात काम होतं. ईमेलही ऐच्छिक ठेवा. जे मागितलंच नाही ते कुठल्या शीटमधून सांडणार?

आणखी एक: तुमची साइट 'एचटीटीपीएस' नाही. म्हणजे फॉर्म भरताना नंबर वाटेत उघडा जातो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत कमी, आजवर ९० दिवसांची, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असं लावून घ्या. बहुतेक होस्टिंगमध्ये त्याचं बटण असतं.

आणि आधारच्या फोटोंचं काय करता? ते कुठं साठतात?

आगटी

आत्ता पाहिलं. साइटच्याच अपलोडच्या फोल्डरमध्ये. सत्तावीस आहेत. भाच्यानं पत्ता टाकून बघितला, पासवर्डबिसवर्ड काही नाही, थेट उघडले. हात थरथरले ओ माझे.

हुतात्मानं येणारी

आधी ते तिथून काढा, मग बाकीचं. गूगलवर साइटचं नाव टाकून त्यातला एखादा शोधात येतो का बघा. आला तर काढून टाकण्याची विनंती गूगलच्याच सर्च कन्सोलमधून करता येते. आणि होस्टिंगच्या बॅकअपमध्येही प्रती असतील, त्या विसरू नका.

आगटी

काढले. शोधात एकही आला नाही, देवाची कृपा. त्या सत्तावीस घरांना एकेक फोन करून सांगतोय. आज नऊ झाले. दोघं चिडले, बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

शेंगाचटणी

कोरडवाहू काकांना उद्देशून लिहिते. बरेच दिवस लिहू की नको करत होते.

माझ्या बहिणीनं सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडलं. कारणं इथे लिहीत नाही. ती माझ्याकडे सोलापुरात आहे हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या भिशीच्या बायका एका शेतावर हुरड्याला गेलो (या दादांचं शेत नव्हे). त्यांनी आम्हाला न विचारता फोटो साइटवर टाकला, खाली तारीख आणि आमच्या भागाचं नाव. फोटोत ती चौथी, हसत होती. किती दिवसांनी हसली होती. तीन आठवड्यांनी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा.

काका, फोटो टाकणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. मी फोन केल्यावर त्यांनी लगेच काढला, चार वेळा माफी मागितली. पण ती त्यानंतर हुरड्याला आली नाही, कुठेच येत नाही. तुम्ही म्हणता गावात सगळ्यांना माहीत असतं. गावाला 'सांगू नका' म्हटलं तर गाव गप्प बसतं. वेबसाइटला तसं सांगता येत नाही.

कोरडवाहू

ताई, वाचलं. माझं वाक्य चुकलं. त्या पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

सांगोल्याची भगवी

मी सांगोल्याकडून डाळिंबं थेट घरपोच पाठवते. भगवा वाण, तीन किलोची आणि पाच किलोची पेटी. माझी बाजू मांडते, कारण इथे सगळं एकाच अंगानं चाललंय.

माझी निम्म्याहून जास्त विक्री फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींतून होते आणि त्या पिक्सेलवर चालतात. ज्यानं साइटवर पेटी बघितली पण घेतली नाही, त्याला दोन दिवसांनी पुन्हा दिसते. मधला दलाल काढायचा म्हणून तर आपण साइट केली ना? पिक्सेल काढला तर मी पुन्हा अडत्याच्या दारात. शहरातले लोक प्रायव्हसी म्हणतात आणि स्वतः दिवसभर तिथेच असतात.

हुतात्मानं येणारी

तुमचा प्रश्न खरा आहे, आणि मी पिक्सेल काढाच असं म्हणणार नाही. पण मग विचारून ठेवा. पान उघडताना 'हो' आणि 'नको' अशी दोन बटणं, दोन्ही सारख्याच आकाराची, आणि 'हो' म्हटल्यावरच पिक्सेल चालू. 'नको' म्हणणाऱ्यालाही पेटी तेवढ्याच दरात मिळाली पाहिजे. हे करून किती विक्री घटते ते एक हंगाम बघा. आणि ज्यांनी एकदा डाळिंब घेतलं त्यांना परत विकायला पिक्सेल लागत नाही, त्यांचा नंबर त्यांनी स्वतः दिलेला आहे.

पण एक विचारते. तुमच्या साइटवर ग्राहकांचे 'पेटी उघडतानाचे' फोटो आहेत. ते कसे आले तुमच्याकडे?

सांगोल्याची भगवी

व्हॉट्सॲपवर पाठवतात की लोक. काहीजण डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, फोटो फुटू नये म्हणून.

हुतात्मानं येणारी

तिथंच मेख आहे. फोनचं लोकेशन चालू असेल तर कॅमेरा फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. आणि तुम्ही तीच फाइल साइटवर चढवली असेल, तर ग्राहकाच्या घराचा ठावठिकाणा फोटोबरोबर गेला.

सांगोल्याची भगवी

चौदा फोटोंपैकी पाचात निघाला. एका घराच्या तर गच्चीवर बोट ठेवता आलं नकाशात. सगळे खाली घेतले. दोन बटणांचंही करते, हंगामानंतर इथेच आकडे सांगेन, घटले तरी आणि नाही घटले तरी.

काळाकोट

सोलापूर कोर्टात वकिली करतो. कायद्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगणं भाग आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. शेतकरी म्हणून यात सूट नाही. घरगुती वापराला सूट आहे, पण हुरड्याचं बुकिंग हा धंदा झाला.

तुमच्या कामाचं त्यात असं. माहिती घेताना काय घेताय आणि कशासाठी, हे साध्या भाषेत सांगायचं. ती सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय माणसाला द्यायचा, तेव्हा मराठी सूचना हवीच. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसायची. गळती झाली तर संबंधित माणसांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं. म्हणजे दादा फोन करतायत ते आजच योग्य करतायत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. हा कमाल आकडा, साडेचार एकरवाल्याला लावायचा दर नव्हे. गांभीर्य बघून ठरतो, त्यामुळे घाबरून साइट बंद करू नका.

मुलांबाबत मात्र कडक आहे. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवून जाहिरात दाखवायला बंदी आहे. शाळांच्या सहली येत असतील तर गणवेशातल्या पोरांचे फोटो टाकूच नका. खिशावरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव वाचता येतं.

पुसण्याबाबत एक अडचण. नियमांत माहिती आणि तिच्या नोंदी किमान एक वर्ष जपायची तरतूद आहे. त्यामुळे 'आठवड्यात पुसतो' असं छापील वचन देऊ नका. वेबपासून तोडलेल्या जागी कुलपात ठेवा आणि वर्षानं पुसा.

मुक्कामाच्या पाहुण्याचं ओळखपत्र आल्यावर समोर बघा. नोंद कशी लागते ते आपल्या पोलीस ठाण्यात विचारा. प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. ते आधारच्या साइटवरूनच उतरवता येतं.

आगटी

सगळ्यांचे आभार. महिन्याभरात झालं ते सांगतो.

सत्तावीसही घरांना फोन झाले. नकाशा, चॅट, पिक्सेल गेले. फॉन्ट आमच्याच सर्व्हरवर आला. फॉर्ममध्ये पाचच रकाने राहिले. शीट आता खासगी, फक्त मी आणि भाचा बघू शकतो. मोकळ्या तारखांसाठी वेगळी शीट केली, तिच्यात तारखांशिवाय अक्षर नाही. फोटोंमध्ये फक्त आमचीच माणसं, बैल आणि भाकऱ्या थापणारे आईचे हात. पाहुण्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, एकशे चाळीस जणांचा, त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसायचा. तो मोडला आणि ब्रॉडकास्ट लिस्ट केली, तिच्यात निरोप ज्याचा त्याला वेगळा जातो. ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो, त्यामुळे संख्या निम्म्यावर आली. पण उरले ते खरंच येणारे.

साइटवर टाकायला सूचना लिहिली आहे, चुका काढा:

'तुम्ही हे पान नुसतं वाचत असाल तर आम्ही तुमच्याबद्दल काहीच साठवत नाही. बुकिंग केलंत तर नाव, मोबाइल, तारीख आणि माणसांची संख्या घेतो. ती जागा राखायला लागते म्हणून. ती दुसऱ्या कुणाला देत नाही आणि एक वर्षानं पुसतो. आधी पुसून हवी असेल तर फोन करा, पुसता येत नसेल तर का ते सांगू. तुमचा फोटो विचारल्याशिवाय टाकणार नाही. आम्ही फोनवरून कधीही पैसे मागत नाही. सगळे पैसे शेतावर, हुरडा खाऊन झाल्यावर. कुणी आमच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका, १९३० वर कळवा.'

हुतात्मानं येणारी

पहिलं वाक्य खरं नाही दादा. सर्व्हरची नोंद राहतेच. असं लिहा: 'हे पान उघडल्यावर तुमचा आयपी पत्ता आणि वेळ सर्व्हरच्या नोंदीत राहते, ती आम्ही सुरक्षेशिवाय कशालाही वापरत नाही.' किती दिवस राहते ते होस्टिंगवाल्याला विचारून आकडा टाका. बाकी एकही शब्द बदलू नका.

काळाकोट

सहमत. तक्रार कुणाकडे करायची, तो नंबर आणि नाव शेवटी टाका.

आगटी

दोन्ही बदल केले. ॲडव्हान्स बंद केल्यावर लोक येतील का नाही, याची धाकधूक आहे. बघू. पुण्याच्या त्या ताईंना सूचना वाचून दाखवली. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारची जागा ठेवा म्हणाल्या, या वेळी चौदा जण.

कोरडवाहू

माझ्याकडे वेबसाइट नाही. पण आमच्या शेतावर बोरं आणि हुरड्याला लोक येतात. दारात टेबलावर मोठी वही असते, येणारा नाव, गाव, मोबाइल लिहितो. काल एक पोरगा वहीची मागची पानं चाळत उभा होता. इतकी वर्षं कुणी ना कुणी चाळत असणारच, काल पहिल्यांदा माझं लक्ष गेलं.

वही आत कपाटात ठेवली. आता एका गाडीला एक चिठ्ठी देतो, लिहून झाली की सून पत्र्याच्या डब्यात टाकते. मोबाइलचा रकाना काढला, इतकी वर्षं कुणाला फोन केलाच नव्हता. वकीलसाहेब, हा कायदा कागदाच्या वहीला लागतो का?

काळाकोट

नाही. जोवर तुम्ही ती संगणकात उतरवत नाही तोवर लागत नाही.

कोरडवाहू

बरं. डबा राहू दे तरी.